कोंब फुटलेली कंदमुळे खावीत की टाकावीत : लक्षणांपासून साठवणीपर्यंतची तपासणी

एका मोठ्या सामायिक स्वयंपाकघराच्या कोठाराची जबाबदारी अनेक वर्षे माझ्याकडे आहे आणि या सगळ्या काळात एकच तक्रार पुन्हा पुन्हा माझ्यापुढे आली आहे. गोणीच्या तळाशी राहिलेल्या बटाट्यांना कोंब आले आहेत, आल्याला हिरवी टोके फुटली आहेत, लसणीच्या पाकळीतून पाते डोकावते आहे. आता हे वापरायचे की फेकायचे? काहीजण कोंब दिसताच सगळा माल टाकून देतात आणि काहीजण ‘एकदा शिजले की सगळे ठीक होते’ असे म्हणून तसाच पातेल्यात घालतात. पहिल्या सवयीने चांगले अन्न वाया जाते, दुसऱ्या सवयीने, निदान बटाट्याच्या बाबतीत, माणसे आजारी पडतात. म्हणून ज्या क्रमाने मी स्वतः तपासतो, त्याच क्रमाने येथे लिहीत आहे.

लक्षणे कोणती दिसतात

सर्वांत आधी दिसतो तो कोंब, आणि तोही सगळ्या भाज्यांत सारखा नसतो. बटाट्यात तो ‘डोळ्यां’तून येतो, अंधारात वाढला असेल तर पांढरट किंवा जांभळट आणि ठिसूळ असतो, उजेडात वाढला असेल तर आखूड, जाड आणि हिरवट असतो. रताळ्याला एका टोकाकडे लालसर धुमारे फुटतात. गाजर, मुळा आणि बीट यांच्या देठाकडच्या बाजूने पाने येतात आणि अंगावर पांढरी केसासारखी मुळे दिसू लागतात. कांद्यालसणीत मधूनच हिरवी पात वर येते.

कोंबाच्या जोडीने येणारी लक्षणे मात्र कोंबापेक्षाही अधिक सांगून जातात : सालीखाली हिरवी छटा, सुरकुत्या, दाबल्यावर मऊ लागणारे अंग, ओलसर डाग, बुरशीचे ठिपके, कुबट किंवा आंबूस वास, आणि शिजवल्यानंतर जाणवणारा कडवटपणा. यांपैकी कोणते लक्षण कोणत्या भाजीवर दिसते, यावर पुढचा सगळा निर्णय ठरतो.

पहिली तपासणी : हातात नेमकी कोणती भाजी आहे

या तपासणीला ना वेळ लागतो ना साधन, तरी नेमकी हीच वगळली जाते. बटाटा हा मुळात वनस्पतीच्या मुळाचा नव्हे, तर जमिनीखाली फुगलेल्या खोडाचा भाग आहे आणि तो टोमॅटो, वांगे, धोतरा यांच्या कुळातला आहे. या कुळातल्या अनेक वनस्पती कीड आणि जनावरे यांच्यापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी कडू, विषारी द्रव्ये तयार करतात. बटाट्यातील अशी दोन मुख्य द्रव्ये म्हणजे सोलॅनिन आणि चॅकोनिन. सोलॅनिन १८२० मध्ये एका फ्रेंच औषधनिर्मात्याने याच कुळातल्या काकमाचीच्या फळांतून प्रथम वेगळे केले, म्हणजे ही ओळख आजची नाही. कोंब फुटताना बटाटा ही द्रव्ये कोंबात, डोळ्यांभोवती आणि सालीलगत मोठ्या प्रमाणावर साठवतो, कारण त्या झाडाच्या दृष्टीने सर्वांत कोवळा आणि सर्वांत जपण्याजोगा भाग तोच असतो.

रताळे नावाने आणि वापराने बटाट्याच्या जवळचे वाटले तरी त्याचे कूळ वेगळे आहे. त्यात सोलॅनिन नसते आणि त्याचे कोवळे धुमारे व पाने भाजी म्हणून खाल्ली जातात. कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट, सलगम आणि आले यांच्या कोंबांतही बटाट्यासारखे विष तयार होत नाही. ही भाजी घट्ट असेल, कुजलेली नसेल आणि तिला बुरशी आलेली नसेल, तर कोंब किंवा पाने काढून ती निःशंकपणे वापरावी. चव उतरलेली असेल, गाजर जून आणि चोथट लागेल, मुळा आतून भेंडासारखा पोकळ निघेल, पण त्याने कोणाला बाधा होणार नाही.

दोन अपवाद वेगळे लक्षात ठेवावेत. अळूचे कंद आणि सुरण यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हात खाजणे आणि घसा खवखवणे त्यांच्यामुळेच होते. हा गुण कोंब येण्याआधीही तेवढाच असतो, म्हणून हे कंद कोंब असोत वा नसोत, पूर्ण शिजवूनच खावे लागतात. दुसरा अपवाद कसाव्याचा, म्हणजे ज्या मुळापासून साबुदाणा बनतो त्याचा. कसाव्याचे खाण्याचे मूळ पुन्हा उगवत नाही, त्याची लागवड खोडाच्या तुकड्यांनी होते. त्यामुळे कोंब नाही म्हणजे मूळ ताजे, असा अंदाज तेथे चालत नाही. काढणीनंतर दोन-तीन दिवसांतच ते आतून निळसर-काळ्या रेषांनी खराब होऊ लागते आणि त्यात सायनाइड सोडणारी द्रव्ये असल्यामुळे ते कच्चे कधीच खाऊ नये.

याच टप्प्यावर आणखी एक प्रश्न विचारावा : हे बटाटे खाण्यासाठी म्हणून आले आहेत की लागवडीसाठी? बियाण्याच्या बटाट्यांवर अनेकदा बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेली असते. ते चांगले दिसत असले तरी, धुऊन आणि सोलूनही, खाण्यासाठी वापरू नयेत. अशी गोणी समोर आली तर बाकीच्या तपासण्या करण्याची गरजच उरत नाही.

येथून पुढचे बहुतेक लिखाण बटाट्याविषयी आहे, कारण खरी जोखीम तेथे आहे.

दुसरी तपासणी : दिवसाच्या उजेडात रंग पाहणे

बटाटा खिडकीपाशी न्यावा आणि चारी बाजूंनी फिरवून पाहावा. पिवळ्या दिव्याखाली हिरवी छटा सहज लपते, ही गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो आहे : संध्याकाळी निवडून ठेवलेल्या टोपलीतले कितीतरी बटाटे सकाळी सरळ हिरवट दिसले होते. ज्या बटाट्याची साल लाल किंवा जांभळी असते त्यावर हिरवेपणा वरून दिसतच नाही, म्हणून तेथे अंगठ्याच्या नखाने साल हलकेच खरवडावी आणि खालचा थर पाहावा. तो फिकट पिवळा किंवा पांढरा असेल तर ठीक, पोपटी असेल तर बटाटा वेगळा ठेवावा.

या तपासणीचे कारण नीट समजून घेण्याजोगे आहे, कारण त्याबाबत दोन उलटसुलट गैरसमज आहेत. हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि हरितद्रव्य स्वतः पूर्ण निरुपद्रवी आहे. पण ज्या उजेडामुळे हरितद्रव्य तयार होते, त्याच उजेडामुळे सालीलगतचे सोलॅनिन आणि चॅकोनिनही वाढते. म्हणजे हिरवा रंग हे विष नव्हे, ती इशाऱ्याची खूण आहे. याच्या उलट, बटाटा हिरवा नाही म्हणून तो निर्धोक आहे असेही म्हणता येत नाही, कारण पूर्ण अंधारात कोंब फुटलेल्या किंवा आपटून, चिरून जखमी झालेल्या बटाट्यातही ही द्रव्ये हिरवेपणाशिवाय वाढतात. म्हणून रंगाची तपासणी बटाटा बाद करण्यासाठी उपयोगी आहे, पास करण्यासाठी पुरेशी नाही.

हिरवा डाग नाण्याएवढा आणि वरवरचा असेल तर पुढच्या तपासणीकडे जावे. बटाट्याचा मोठा भाग हिरवा झाला असेल, तर तेथेच थांबावे आणि तो टाकून द्यावा. एका बटाट्याच्या बचतीसाठी याहून अधिक खटपट करण्यात अर्थ नाही.

तिसरी तपासणी : बोटांनी दाबणे आणि कोंब मोजणे

कोंब वाढतो तो बटाट्याच्या जिवावर. त्यासाठी लागणारे पाणी आणि पिठूळ द्रव्याचे झालेले साखरेत रूपांतर, हे दोन्ही तो आतल्या गरातून ओढून घेतो. म्हणूनच जुना, कोंबाळलेला बटाटा हलका, सुरकुतलेला आणि गोडसर होतो. बटाटा मुठीत धरून दाबल्यावर दगडासारखा घट्ट लागला आणि कोंब बोटाच्या पेरापेक्षा लहान, मोजके असले, तर अजून फारसे काही बिघडलेले नाही. कोंब आणि डोळे खोल कोरून काढले तर असा बटाटा मोठ्या माणसांसाठी वापरता येतो.

अंग लिबलिबीत झाले आहे, साल सैल पडून सुरकुतली आहे आणि कोंबांचा गुंता झाला आहे, असा बटाटा मात्र कोंब काढूनही वापरू नये. येथे लोकांचा विरोध होतो, हे मला माहीत आहे. कोंब तोडला की बटाटा ‘पुन्हा चांगला’ झाला असे डोळ्यांना वाटते. पण कोंब तोडल्याने त्याच्या बुडाशी साठलेले द्रव्य जात नाही. उलट त्याच डोळ्यातून काही दिवसांनी नवे कोंब येतात. कोंब मोडून बटाटे पुन्हा गोणीत भरून ठेवणे हा उपाय नसून लक्षण लपवणे आहे. कोंब काढायचे ते शिजवण्याच्या दिवशीच काढावेत.

चौथी तपासणी : वास आणि बुरशी

ही तपासणी सगळ्याच कंदमुळांना लागू आहे. कुजलेल्या बटाट्याचा वास एकदा आला की विसरता येत नाही. असा एक बटाटा गोणीत असेल तर त्यातून झिरपणारे पाणी शेजारच्या बटाट्यांनाही कुजवते, म्हणून पूर्ण गोणी रिकामी करून प्रत्येक नग पाहावा लागतो. कुजलेला भाग कापून उरलेला वापरण्याची सवय सोडावी.

रताळ्याबाबत येथे विशेष सावध राहावे. कोंब आलेले रताळे सुरक्षित आहे असे वर लिहिले, पण बुरशी लागलेले किंवा कीड लागून काळे पडलेले रताळे अजिबात सुरक्षित नाही. बुरशीच्या किंवा किडीच्या हल्ल्याला उत्तर म्हणून रताळे काही कडू द्रव्ये तयार करते. ती यकृत आणि फुप्फुसे यांना घातक असतात आणि असे रताळे खाल्लेली गुरे श्वास कोंडून मेल्याच्या नोंदी आहेत. ही द्रव्ये काळ्या डागाच्या पलीकडच्या, चांगल्या दिसणाऱ्या गरातही असू शकतात आणि शिजवल्याने ती पूर्णपणे जात नाहीत. म्हणून काळा, कडवट वासाचा डाग दिसला तर रताळे पूर्ण टाकावे. आल्याचेही तेच : कोंब चालतो, बुरशी चालत नाही.

पाचवी तपासणी : सोलणे आणि कापून पाहणे

आतापर्यंतच्या चाचण्यांत टिकलेला बटाटा आता सुरीखाली घ्यावा. येथे थोडे आकडे सांगणे आवश्यक आहे, कारण ते कळले की हात आपोआप योग्य खोलीवर जातो. सामान्य बटाट्याच्या सोललेल्या गरात या दोन द्रव्यांचे प्रमाण किलोला साधारण १२ ते ५० मिलिग्रॅम असते, सालीत ते १५० ते ६०० पर्यंत जाते आणि कोंबात किलोला २,००० मिलिग्रॅमच्याही वर असते. पूर्ण बटाट्यासाठी किलोला २०० मिलिग्रॅम ही सुरक्षिततेची वरची मर्यादा म्हणून अनेक ठिकाणी मानली जाते. बहुतेक द्रव्य बाहेरच्या दीड मिलिमीटरच्या थरात असते, त्यामुळे नीट सोललेल्या बटाट्यातून त्याचा मोठा वाटा निघून जातो.

व्यवहारात मी असे करतो. पीलरने एकदा साल काढल्यावर जेथे हिरवा थर उरतो तेथे सुरीने आणखी तीन मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन नाण्यांच्या जाडीएवढे, काढतो. डोळा नुसता खरवडत नाही. सुरीचे टोक तिरके धरून त्याभोवती गोल फिरवतो, म्हणजे कोंबाच्या बुडाखालचा शंकूच्या आकाराचा तुकडाच बाहेर येतो. तो तुकडा हातात धरून पाहिला तर त्याच्या टोकाशी अनेकदा फिकट हिरवी किंवा जांभळी रेघ दिसते. ती रेघ तुकड्यात संपली असेल तर काम झाले. ती बटाट्याच्या आत आणखी खोल गेलेली दिसली, तर तो बटाटा टाकावा. एका बटाट्यातून असे सहा-सात तुकडे काढावे लागत असतील, तरीही टाकावा. तेव्हा उरणारा गर त्या कष्टांच्या मोलाचा नसतो.

कोंबाळलेले बटाटे कधीही सालीसकट उकडू नयेत, भाजू नयेत किंवा सालीच्या कुरकुरीत चकत्या करू नयेत. एरवी साल खाणे चांगले असले तरी अशा बटाट्याच्या बाबतीत साल हाच सर्वांत जोखमीचा भाग आहे. काढलेली साल आणि कोंब गुराढोरांनाही घालू नयेत.

लसणीच्या मधला हिरवा कोंब फक्त कडवट आणि उग्र असतो. चव नको असेल तर पाकळी उभी चिरून तो काढावा, ठेवला तरी काही अपाय नाही. लसणीच्या बाबतीत खरा धोका दुसरीकडेच आहे : कोंब येऊ नयेत म्हणून सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून बाहेर ठेवणे. तेलाखाली हवा नसते आणि अशा जागी बॉट्युलिझमचे जिवाणू वाढून प्राणघातक विष तयार करू शकतात.

सहावी तपासणी : शिजवल्यानंतरची चव

कच्चा बटाटा चाटून परीक्षा घेऊ नये. परंतु शिजवलेल्या पदार्थाचा पहिला घास कडू लागला, किंवा गिळल्यानंतर जिभेच्या मुळाशी आणि घशात तिखटाशिवायची जळजळ जाणवली, तर तो स्पष्ट नकार समजावा. साधारणपणे किलोला १४० मिलिग्रॅमच्या पुढे कडवटपणा जाणवू लागतो आणि २०० च्या पुढे घसा जळतो. म्हणजे आपली जीभ मर्यादेच्या आसपासच सावध करते.

अशा वेळी काय होते, ते मी पाहिले आहे. एकदा घाईत निवडलेल्या बटाट्यांच्या भाजीची चव पाहताना मला घशाशी बारीक चरचर जाणवली. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने ‘थोडी साखर आणि आंबट घातले की जाईल’ असे सुचवले. कडवटपणा त्याने खरोखर झाकला गेला असता, आणि तेच सर्वांत वाईट झाले असते, कारण ज्यांच्या ताटात ती भाजी गेली असती त्यांच्याकडे थांबण्याची ती एकमेव खूणही उरली नसती. पातेले तसेच बाजूला केले आणि भाजी टाकली.

शिजवण्यावर विसंबू नये, हे मी पुन्हा सांगतो. ही द्रव्ये पाण्याच्या उकळत्या तापमानाला नष्ट होत नाहीत, नेहमीच्या तळण्यातही त्यांतला मोठा भाग टिकून राहतो. प्रेशर कुकर, मायक्रोवेव्ह, उकळलेले पाणी ओतून देणे, यांपैकी कशानेही खराब बटाटा चांगला होत नाही.

मुलांच्या बाबतीत मी एक पायरी अधिक कडक वागतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केलेल्या मूल्यमापनात शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम ही त्रास दिसू लागणारी सर्वांत कमी मात्रा धरली आहे. हा हिशेब मांडून पाहावा : किलोला २०० मिलिग्रॅम असलेला बटाटा ६० किलो वजनाच्या माणसाने ३०० ग्रॅम खाल्ला तर ती मात्रा गाठली जाते, पण १५ किलो वजनाच्या मुलाला त्यासाठी केवळ ७५ ग्रॅम, म्हणजे एक लहान बटाटा, पुरतो. म्हणून लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या जेवणात कोंब आलेला बटाटा, कितीही काळजीपूर्वक सोललेला असला तरी, मी घालत नाही.

ही भीती कागदावरची नाही. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अहवालात लंडनमधील एका शाळेतील घटना नोंदवली आहे. आधीच्या सत्रातून उरलेल्या गोणीतले बटाटे दुपारच्या जेवणात वापरले गेले. ७८ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १७ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सगळी मुले बरी झाली. ‘आधीच्या सत्रातून उरलेली गोणी’ हे शब्द ज्याच्याकडे कोठार आहे त्याने विसरू नयेत.

सातवी तपासणी : साठवणीची जागा

वरचे सगळे करूनही दर पंधरवड्याला तीच तक्रार येत असेल, तर दोष भाजीत नसून जागेत आहे. ही तपासणी सर्वांत कष्टाची आहे, कारण तिच्यात सामान हलवावे लागते, काही दिवस नोंदी ठेवाव्या लागतात आणि कधी थोडा खर्चही करावा लागतो. परंतु कायमचा उपाय येथेच आहे.

काढणीनंतर बटाटा काही आठवडे ‘झोपेत’ असतो. त्या काळात तो कितीही अनुकूल जागी ठेवला तरी उगवत नाही. ही झोप संपल्यावर किती लवकर कोंब येतात हे मुख्यतः तापमान ठरवते. ७ ते १० अंश सेल्सियसच्या दरम्यान कोंब अगदी हळू येतात, त्याच्या वर जसजसे जावे तसतसा वेग वाढतो. म्हणून एक साधा तापमापक कोठारात टांगावा आणि सकाळी, दुपारी, रात्री असे आठवडाभर आकडे लिहून ठेवावेत. माझ्याकडे या नोंदींतूनच कळले की बटाट्यांची मांडणी ज्या भिंतीला लागून होती तिच्या पलीकडे गरम पाण्याची टाकी होती. मांडणी समोरच्या भिंतीला नेल्यावर तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या, बटाटे तेच आणि आणणाराही तोच.

फ्रिजमध्ये ठेवावे का, हा प्रश्न लगेच येतो. थंडीमुळे कोंब थांबतात हे खरे आहे, पण साधारण ६ अंशांच्या खाली बटाट्यातील पिष्टाची साखर होऊ लागते, बटाटा गोड लागतो आणि तळताना किंवा भाजताना लवकर काळपट होतो. त्या काळपट भागात ॲक्रिलअमाइड नावाचे नको असलेले द्रव्य अधिक तयार होते. उकडून वापरायच्या बटाट्यांसाठी फ्रिज चालू शकतो, तळण्याच्या बटाट्यांसाठी मी तो टाळतो.

सगळी कंदमुळे एकाच टोपलीत ठेवणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. प्रत्येकीची गरज वेगळी असते. कांद्याला कोंब सर्वाधिक येतात ते १० ते २० अंशांच्या मधल्या तापमानाला. तो एकतर चांगला थंड किंवा चांगला उबदार, पण दोन्ही वेळा कोरडा हवा. म्हणजे बटाट्याला सोसणारी दमट, अर्धवट थंड जागा कांद्याला मुळीच सोसत नाही. रताळे आणि आले यांना १२ ते १५ अंशांच्या आसपासची जागा मानवते. फ्रिजमध्ये रताळ्याचा गर कडक आणि बेचव होतो व पुढे लवकर सडतो. गाजर, मुळा, बीट यांना उलट शून्याच्या जवळची थंडी आणि भरपूर ओलावा लागतो, मात्र आधी त्यांची पाने कापावी लागतात, कारण पाने मुळातले पाणी ओढत राहतात. गाजर सफरचंदांशेजारी ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे गाजरात कडू द्रव्य तयार होते आणि मग कोंब नसलेले गाजरही कडू का, असा नवा प्रश्न उभा राहतो.

उजेडाची तपासणी रात्री उलट्या पद्धतीने करावी. कोठाराचा दिवा घालवून, दार लावून पाच मिनिटे आत उभे राहावे; डोळे सरावल्यावर कोठून प्रकाश झिरपतो ते दिसते, दिवसा तो दिसत नाही. बटाटे पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत, कारण तिच्यात उजेड येतो आणि वाफ कोंडते, म्हणजे हिरवेपणा आणि सड या दोन्हींची सोय होते. कागदी पिशवी, तागाची गोणी किंवा फटी असलेला खोका, वरून जाड कापड, आणि खाली हवा खेळण्यापुरते अंतर, एवढे पुरते. बटाटे धुऊन ठेवू नयेत. नवी गोणी आली की जुनी पुढे ओढावी आणि नवी मागे ठेवावी, व प्रत्येक गोणीवर आणल्याची तारीख लिहावी. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त नासाडी या एका न केलेल्या कामामुळे होते, कारण वरून ओतलेले नवे बटाटे आधी संपतात आणि तळाचे महिनोन्महिने तेथेच राहतात.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

मोठ्या कोठारात तापमान, उजेड आणि हवा सुधारूनही माल सतत लवकर कोंबाळत असेल, तर घरगुती उपाय थांबवून शीतगृहाच्या तंत्रज्ञाला किंवा काढणीपश्चात साठवणुकीच्या जाणकाराला जागा दाखवावी. कोंब थांबवणारी रसायने स्वतःच्या अंदाजाने कधीही वापरू नयेत. एकाच खेपेतील कोंब नसलेले, हिरवे नसलेले बटाटेही कडू लागत असतील, तर पूर्ण खेप बाजूला ठेवून नमुना अन्नतपासणी प्रयोगशाळेत द्यावा. काही वाणांतच ही द्रव्ये जास्त असू शकतात. १९६७ मध्ये अमेरिकेत आलेला लेनापे नावाचा वाण याच कारणाने १९७० मध्ये मागे घ्यावा लागला होता. हा दोष सुरीने निघत नाही.

कोंबाळलेला, हिरवा किंवा कडू बटाटा खाल्ल्यानंतर मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा, डोकेदुखी किंवा ताप यांपैकी काही झाले, तर घरी वाट पाहत बसू नये. लक्षणे काही तासांनी सुरू होतात आणि कधी दुसऱ्या दिवशीही, त्यामुळे ‘जेवून तर इतका वेळ झाला’ म्हणून बटाट्याला मोकळे सोडू नये. एखादी उलटी होऊन माणूस सावरला आणि पाणी पोटात टिकत असेल, तरी डॉक्टरांना फोन करून विचारावे. गुंगी, असंबद्ध बोलणे, अंधूक दिसणे, अशक्तपणाने उभे राहता न येणे, श्वासाचा त्रास, लघवी कमी होणे, किंवा आजारी व्यक्ती लहान मूल, गरोदर स्त्री अथवा वृद्ध असणे, यांपैकी एक गोष्ट असली तरी सरळ रुग्णालय गाठावे. या विषावर वेगळा उतारा नाही. शरीरातले पाणी आणि क्षार सांभाळणे हाच मुख्य उपचार आहे, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका चांगला. घरी मुद्दाम उलटी करवू नये.

जाताना उरलेला पदार्थ झाकणाच्या डब्यात आणि त्याच गोणीतले दोन-तीन न शिजवलेले बटाटे, साली शिल्लक असतील तर त्याही, वेगळ्या पिशवीत बरोबर न्याव्यात. किती वाजता खाल्ले, साधारण किती खाल्ले, सालीसकट होते का आणि पहिले लक्षण केव्हा दिसले, हे एका कागदावर लिहावे; त्याच पातेल्यातले आणखी कोणी जेवले असेल तर त्याला बरे वाटत असले तरी त्याचे नाव आणि वय त्या कागदावर असावे.